लेव पेत्रोविचची चूलबंद पंगत

तारीख ११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी पावणेनऊ. ठिकाण: अमडापूरपासून सहा किलोमीटरवरच्या एका गावातलं शाळेचं पटांगण. हजर: मी, शोभा; माझे दीर गजानन; पुऱ्या लाटणाऱ्या नऊ बायका; भट्टीवरचे दोन आचारी; दुभाषी म्हणून चिखलीचे डॉक्टर खरात; मुंबईहून आलेले प्रॉडक्शन मॅनेजर सक्सेना आणि त्यांची बत्तीस माणसं; लेव पेत्रोविच, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सिनेमा दिग्दर्शन, राहणार रशिया. शिवाय फाटकातून आत येत असलेलं अख्खं गाव.

गैरहजर: स्वयंपाक.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. त्या गावातल्या दोन-तीन वजनदार माणसांनी मला निरोप पाठवला होता, की ताई, दिवाळी अंकात काय लिहायचं ते लिहा, पण सिनेमाचं प्रकरण तेवढं नको. म्हणून तेच लिहायला घेतलं आहे.

मी चोवीस वर्षं पंगतीच्या स्वयंपाकाची कामं घेते. लग्न, तेरवी, वास्तू, सप्ताह. लोकांना वाटतं हे काम चवीचं आहे. चव आचाऱ्याच्या हातात असते. माझं काम मोजणीचं आणि वेळेचं. शंभर पानांच्या पुऱ्यांना चौदा किलो कणीक, वांगी बाजारात स्वतः जाऊन निवडायची, मीठ एकाच माणसाने टाकायचं. तेरवीत शेवटच्या पंगतीला नेहमी जास्त धरायचं, कारण ती राबलेल्यांची पंगत असते. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. बुलढाण्याच्या एका निवृत्त हेडमास्तरांनी मुलीच्या लग्नात पुऱ्यांचा आकार मोजायला पट्टी आणली होती. मी त्यांच्या हातात लाटणं दिलं. चौथ्या पुरीला पट्टी खिशात गेली.

या धंद्यात मी एकच नियम मोडत नाही. पानावर बसलेल्या माणसाला जेवल्याशिवाय उठवायचं नाही. मग तो कोणीही असो.

आता आवतनाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे जेवणाचं आवतन साधारण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातली लहानथोर सगळी माणसं, आलेले पाहुणे, सालदार, अंथरुणावरची म्हातारी, सगळ्यांचं जेवण आमच्याकडे. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. देणारा शब्द देतो आणि घेणारा त्या शब्दावर चूल विझवून ठेवतो. त्या घराचं त्या दिवशीचं पोट तुमच्या हवाली असतं.

लेव पेत्रोविच इकडे कसे आले? हिवरा आश्रमाच्या पंगतीचा एक फोटो त्यांनी कुठंतरी पाहिला होता. हजारो माणसं ओळीने बसलेली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पुरी-भाजी वाढली जातेय, असा. ते तेव्हा माणसं एकत्र बसून जेवतात यावर सिनेमा करत होते. स्वतःच्या गावातलं मयतीचं जेवण चित्रित करून झालं होतं, कुठल्याशा डोंगरी मुलखातलं लग्नही झालं होतं. तिसरं जेवण इकडचं हवं होतं, पण लहान गावातलं, जिथं माणसं एकमेकांना नावाने ओळखतात. तो त्यांचा शेवटचा सिनेमा, असं ते स्वतःच सांगत.

शूटिंगच्या दोन दिवस आधी मी त्यांना बुलढाण्याच्या हॉटेलात भेटले. उंच, वाकलेला माणूस, हातावर जुने भाजल्याचे डाग. मला वाटलं हा आमच्यातलाच, भट्टीवरचा. डॉक्टर खरात रशियात सहा वर्षं डॉक्टरकी शिकले, म्हणून त्यांना दवाखाना बंद ठेवून दुभाषी केलं होतं. ते मला आधीच म्हणाले, "ताई, मले त्याइची भाषा येते, पण आजाराची. हागवण, खोकला, रक्तदाब, समदं येते. क्यामेऱ्याले काय म्हनतेत ते काऊन यावं मले?"

पण त्या संध्याकाळी आजाराचे शब्द कमी आणि स्वयंपाकाचे जास्त लागले. लेव पेत्रोविचची आई कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाकीण होती. वडील लवकर गेले. आईच्या भट्टीशेजारी बसून त्यांनी शाळेचा अभ्यास केला. डाग तिथलेच. पुढं सिनेमाच्या शाळेत गेले आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पहिला सिनेमा केला. त्यात लग्नाची मेजवानी होती. टंचाईचे दिवस होते, म्हणून टेबलावरचे पाव प्लॅस्टरचे करून रंगवले होते. सिनेमाला बक्षीस मिळालं, पेपरात नाव आलं. आईला घेऊन ते थिएटरात गेले. परत येताना आई एवढंच म्हणाली, "पाव खोटा होता."

"सगळ्या देशाला कळलं नाही, तुला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"मी पावाकडे पाहतच नव्हते," आई म्हणाली. "मी माणसांच्या तोंडाकडे पाहत होते."

दुसरा सिनेमा त्यांनी खानावळीतल्या रांगेवर केला. रांगेत उभ्या सगळ्यांना खरं सूप दिलं. सरकारी साहेब लोकांनी सांगितलं, रांगेची सात मिनिटं कापा. हे म्हणाले, नाही कापत. सिनेमा कपाटात गेला आणि यांचं काम बंद झालं. नऊ वर्षं एका लहान गावातल्या थिएटरात ते सिनेमा दाखवायची मशीनं दुरुस्त करत होते. हे सांगताना ते हसले. डॉक्टरांनी सांगितलं, "ते म्हनून राह्यले, नऊ वर्षं दुसऱ्याइचे पिच्चर न अडकता चालावे म्हनून मी राबलो." नंतर वारं बदललं, कपाट उघडलं, त्यांनी पुढं अकरा सिनेमे केले. मोठं नाव म्हणावं असं झालं नाही. पण त्या पहिल्या सिनेमानंतर एकाही सिनेमात खोटं अन्न वापरलं नाही.

हे मी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. पण गावाचं खरं अन्न कोण रांधणार ते विचारलं नाही, ही माझी पहिली चूक. कारण सक्सेनांनी मला दिलेल्या कागदावर होतं: युनिटसाठी साठ पानं, गावकऱ्यांचं आम्ही बघू. मी समजले, ते दुसरा आचारी आणणार.

आता दुसरी चूक. मी गजाननना कामांची यादी दिली होती. तिच्यात चौथं काम: गावाला आवतन देणे. पुढं एक शब्दही लिहिला नाही. मंगळवारी सकाळी शाळेच्या फाटकातून म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, काठी टेकत आलेले आजोबा असं सगळं गाव येताना पाहून मी गजाननना बाजूला घेतलं.

"भाऊजी, तुम्ही लोकांना काय सांगून आलात?"

"आवतन देल्लं ना, वैनी. कोतवालाले संग घेऊन घरोघर फिरलो."

"कसलं आवतन?"

"चूलबंद." ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच वेड्यासारखं विचारते आहे. "पंगतीले बसवायचं म्हनलं का नाही तुमी? मंग अख्ख्या गावाले दुसरं कोन्तं देतेत?"

बरोबरच होतं त्यांचं. पंगतीला बसा पण जेवू नका, असं सांगायला आमच्याकडे शब्दच नाही. गजाननना तो कुठून मिळणार?

कोतवालाने घरं सांगितली, मी ती यादी लिहून तपासली, बेरीज आली सहाशे चाळीस माणसं. मी धावत सक्सेनांकडे गेले. गावाचा स्वयंपाक कुठं आहे, विचारलं. त्यांनी दोन खोकी दाखवली. आत प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या पुऱ्या. पिवळ्या रंगाने रंगवलेल्या, फुगलेल्या, दिसायला माझ्या पुऱ्यांपेक्षा चांगल्या. भाजीच्या जागी भिजवलेला भुसा.

"मॅडम, छे टेक होंगे," सक्सेना म्हणाले. "असली खाना धूप में खराब हो जाएगा, मक्खियाँ बैठेंगी. इनको बोलो बस मुँह हिलाना है. बारह बजे सब फ्री. घर जाके खाएँगे."

"घरी काय खातील? घरी चूल नाही पेटलेली."

"तो जला लेंगे ना!"

सक्सेना वाईट माणूस नव्हता. त्याच्या हिशोबाने तो बरोबर होता. पण माझ्या नावाने सहाशे चाळीस माणसांनी चूल विझवली होती आणि त्यांना मी भुशापुढं बसवणार होते. ते एकदा झालं असतं तर या भागात मी परत कोणाच्या दारात आवतन घेऊन उभी राहू शकले नसते. धंद्याचं सोडा, माझ्या शब्दाने कोणी चूल विझवलीच नसती.

मी डॉक्टरांना हाताला धरून लेव पेत्रोविचकडे नेलं आणि त्यांच्यासमोर पत्रावळीवर ती प्लॅस्टरची पुरी ठेवली. डॉक्टरांना म्हटलं, चूलबंद म्हणजे काय ते सगळं सांगा. डॉक्टर घाम पुसत पाच मिनिटं बोलले. खोक्यांचं म्हाताऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पुरी उचलली, नखाने खरवडली. मग काहीतरी विचारलं.

"ते इचारून राह्यले, एकाही घरात इस्तो नाही?"

"एकाही नाही," मी म्हणाले. हे मी छातीठोक सांगितलं.

लेव पेत्रोविच उठले, कॅमेऱ्याशेजारची स्वतःची खुर्ची मिटली आणि माझ्या भट्टीजवळ आणून मांडली. बसले. सक्सेना पळत आले. परवानगी आजचीच आहे, कॅमेरा उद्या परत द्यायचा आहे, सकाळचा उजेड गेला तर चित्र पांढरं पडेल, असं सगळं बोलले. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि एक वाक्य उच्चारलं. डॉक्टरांनी ते आमच्या बोलीत सांगितलं:

"जवा जेवन होईन तवा क्यामेरा चालू होईन. एकच डाव."

सव्वानऊ वाजले होते. गुरुवारच्या लग्नासाठी अमडापूरच्या गोदामात भरलेलं सामान मी कोणालाही न विचारता उचललं. बुधवारी परत भरलं, लग्नवाल्यांना आजवर माहीत नव्हतं, आता कळेल. ट्रॅक्टर पाठवला, कणकेची पोती, तेलाचे डबे, वांगी, तूरडाळ आली. लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना शेंगदाणे-गूळ वाटला. आचाऱ्यांनी तिसरी आणि चौथी भट्टी खोदली. नऊ बायकांच्या हातून इतक्या पुऱ्या वेळेत होणं शक्य नव्हतं. तेवढ्यात गावातल्या बायका पदर खोचून पुढं आल्या. सरपंचांचे वडील ओरडले, "आवतनाच्या बायका राबतेत का कुठं?"

मी म्हणाले, "आवतन चुलीचं आहे बाबा, हातांचं नाही. चूल माझीच पेटली आहे."

"हे असं कुठं लिव्हलं हाय?"

"माझ्या वहीत. आणि तुम्ही रिकामे बसला आहात, तर वांगी चिरायला या."

ते आले. वीस पोळपाट घरोघरून आले. लेव पेत्रोविचनी बाह्या सरसावल्या आणि झारा मागितला. मी देणार नव्हते, पण त्यांनी पहिली पुरी तेलात सोडली तेव्हाच कळलं, हा माणूस भट्टीपाशी वाढला आहे. झारा हातातून न सोडता त्यांनी तासभर तळण केलं. सक्सेनांची माणसं बघत उभी होती, त्यांना मी पाण्याच्या टाक्या भरायला लावलं.

दुपारी अडीच वाजता पंगत बसली. कॅमेरा शाळेच्या गच्चीवर चढवला होता. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण, भात. गोड काहीच नव्हतं, त्याची लाज अजून आहे. "हर हर महादेव" झालं आणि सहाशे चाळीस माणसांनी एकदम पहिला घास घेतला. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. सकाळपासून उपाशी माणूस कशाला कॅमेऱ्याकडे पाहील? सक्सेनांनी खालून भोंग्यावर "थोडा हँसते हुए" असं काही सुरू केलं, तेव्हा लेव पेत्रोविचनी गच्चीवरून प्लॅस्टरची पुरी फेकून त्यांना मारली. नेम चुकला. अकरा मिनिटं कॅमेरा न थांबता चालला.

मी गच्चीवर गेले ती आनंदात. वहीत चौथ्या कामावर काट मारली होती. लेव पेत्रोविच लहान पडद्यावर नुकतंच घेतलेलं चित्र पाहत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टरांना विचारलं.

"काय म्हणतात?"

"ते इचारून राह्यले, हा धूर कशाचा?"

पंगतीच्या पलीकडे घरांची रांग, त्यापलीकडे नाला, आणि नाल्यापलीकडून बारीक, सरळ वर जाणारा धूर. मी मान वर करून गच्चीवरून पाहिलं. तो अजून निघत होता. मी गजाननना हाक मारली.

"ते गिरजाबाईचं हाय," ते खाली पाहत म्हणाले. "पाटे-वरवंटे घडवतेत ते लोकं. ते गावात नाही येत, वैनी."

"किती वर्षं झाली त्यांना इथं?"

"अकरा-बारा झाले असतीन."

अकरा-बारा वर्षं नाल्यापलीकडे राहणारी माणसं, आणि कोतवालाने सांगितलेल्या यादीत ती नव्हती. ती यादी मी तपासली होती. घरं मोजली होती, बेरीज केली होती. माझ्या गोदामातल्या गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावायला दरवर्षी हीच गिरजाबाई येते, तिचा हिशोब माझ्या दुसऱ्या वहीत आहे. तरी या यादीत ती नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. गजाननना बोलायला मला तोंड नव्हतं.

मी मोठ्या डब्यात पुऱ्या-भाजी भरली आणि नाला ओलांडून गेले. गिरजाबाई पालाबाहेर भाकरी थापत होती. घरची पाच माणसं जेवत होती.

"गिरजाबाई, चूक झाली. तुम्हाला आवतन राहिलं."

"हाव, राह्यलं," ती भाकर उलटत म्हणाली.

"हे घ्या. गरम आहे."

तिने डब्याकडे पाहिलंही नाही. "ताई, आवतन आलं असतं तं म्या चूल नसती पेटवली. तुमी आता अन्न धाडून राह्यल्या. बलावनं येगळं, धाडनं येगळं."

तिने तव्यावरची भाकर काढून ताटलीत ठेवली, बाजूला मिरचीचा ठेचा घातला आणि गोणपाट पुढं सरकवलं. "बसा. तुमी कुठं जेवल्या असान अजून?"

मी खरोखरच जेवले नव्हते. पण वाढप्यांची पंगत बसायची होती, भांडी मोजायची होती, ट्रॅक्टर परत पाठवायचा होता. "नंतर येते," म्हणाले आणि भरलेला डबा उचलून परत आले.

सक्सेनांनी धूर पाहिला आणि म्हणाले, "कंप्यूटर पे दो मिनिट का काम है." लेव पेत्रोविचनी मान हलवली. पुढची हकीकत मला डॉक्टरांकडून तुकड्यातुकड्याने कळली. सिनेमावर पैसा लावलेल्यांना ती अकरा मिनिटं चार करून हवी होती आणि धूर नको होता. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी सात मिनिटं न कापणारा माणूस आता का कापेल? त्यांनी कळवलं, धूर हीच या सिनेमातली खरी बातमी आहे, ती राहील. पैसेवाल्यांनी हात काढून घेतले. सिनेमा चार-दोन लहान थिएटरांत लागला आणि उतरला. त्याची एक प्रत डॉक्टरांकडे आली. आम्ही ती दवाखान्यातल्या कंप्यूटरवर पाहिली, बाहेर पेशंट खोळंबले होते. चौथ्या मिनिटापासून धूर दिसतो. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसत नाही.

गावातल्या त्या वजनदार माणसांनीही पाहिला. "ताई, तुमची त्या बाबाशी वळख हाय. थो धूर काढाले सांगा ना. गावाची इज्जत जाते," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सांगितलं, की धूर मी काढायला लावणार नाही. इज्जत गेलीच असेल तर ती त्या दिवशी सकाळी, यादी करताना गेली, आणि यादी माझी होती. त्यानंतर त्या गावातली दोन कामं दुसऱ्याकडे गेली. जाऊ देत.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं. फोनवर लेव पेत्रोविच होते. आता अंथरुणावर असतात, आवाज बारीक झाला आहे. पण त्या धुराचं घर कोणाचं, तिने मला काय म्हटलं, हे सगळं त्यांना मी त्याच दिवशी सांगितलं होतं आणि ते यातलं काहीच विसरले नव्हते.

"ते इचारून राह्यले, तुमी तिच्या घरी जेवल्या का?"

"अजून नाही."

मग ते बोलले आणि डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "मी नऊ वर्षं बसून होतो, पन मले बसवलं होतं. तुमाले कोनं अडवलं, असं म्हनतेत."

वेळ मिळाला नाही, असं मी इथं लिहिणार होते. ते खोटं आहे. मी एकदा साडी घेऊन गेले होते, तीही धाडल्यासारखीच झाली, गिरजाबाईने परत दिली. "बसता का?" तिने परत विचारलं आणि मी परत उभ्यानेच निघाले. कारण बुलढाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने मला हसत हसत विचारलं होतं, "त्या पालावर जेवणार म्हणे तुम्ही? मग आमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकाचं कसं करायचं?" मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. तुमच्या सोवळ्यासाठी दुसरा आचारी बघा. नाव आणि फोन नंबर मी देते, माझ्याकडे अशांचीही यादी आहे.

परवा मी नाल्यापलीकडे गेले. मोकळ्या हाताने, जेवायच्या वेळेला. पाल नव्हतं. तीन दगडांची चूल तेवढी होती. शेजारच्या शेतातल्या माणसाने सांगितलं, ते लोक देऊळगाव राजाकडे गेले, परत येतील की नाही माहीत नाही. तिचा जावई मेहकरच्या बाजारात पाटे घेऊन बसतो म्हणे. त्याचं नाव कोणालाच सांगता येईना. पुढच्या बाजारी मेहकरला जाऊन पाटे विकणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारायचं आहे, पत्ता काढायचा आहे, आणि मग गिरजाबाईच्या चुलीसमोर गोणपाटावर बसून जेवायचं आहे. अजून जेवले नाही.